झटक्यानंतर नायट्रेटच्या गोळीने हृदयाचे नुकसान खरेच कमी होते का?

खाडीअलीकडे | रविवार, रात्री १०.२०

नमस्कार. आम्ही ठाण्यात मानपाड्याला राहतो. माझ्या बाबांना (वय ७१) मागच्या श्रावणात हृदयविकाराचा झटका आला. पहाटे साडेचारला छातीत कळ आली, ती डाव्या जबड्यापर्यंत गेली आणि पंख्याखाली बसूनही सदरा भिजेल इतका घाम सुटला. शेजारच्या काकांच्या पाकिटात सॉर्बिट्रेटची, म्हणजे नायट्रेटच्या गोळ्यांची, पट्टी असते. त्यांनी लगेच एक गोळी बाबांना जिभेखाली ठेवायला दिली आणि दहा मिनिटांत कळ पुष्कळ उतरली. बाबा म्हणाले, "आता बरे वाटते आहे, उजाडू दे, मग जाऊ." आम्ही ऐकले. सहाला कळ पुन्हा उसळली तेव्हा आम्ही निघालो, आणि साडेचारला मोकळा असलेला घोडबंदर रस्ता तोवर भरून गेला होता. कापूरबावडीच्या अलीकडे ट्रकच्या रांगेत वीस मिनिटे गेली. रुग्णालयात पोहोचलो तेव्हा सात वाजत आले होते. डाव्या बाजूच्या मोठ्या धमनीत गुठळी होती. आठच्या सुमारास अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसला. बाबा घरी आले, चालतात, फिरतात, पण एकोमध्ये पंपिंग (हृदय दर ठोक्याला बाहेर टाकते त्या रक्ताचे प्रमाण) ४० टक्के आहे.

त्यांना इतर गोळ्यांबरोबर आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट २० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा लिहून दिले आहे. मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. पहिली, त्या पहाटेच्या गोळीने हृदयाचा काही भाग वाचला असेल का? दुसरी, आज चालू असलेल्या गोळीने नुकसान आटोक्यात राहते का? वाशीचे मामा म्हणतात की नायट्रेटचा, त्वचेतून औषध सोडणारा पट्टा चोवीस तास छातीवर लावून ठेवला तर हृदयाला सतत आराम मिळतो. आम्ही तसे विचारावे का?

शिवाईनगरकर | रविवार, रात्री १०.५५

काकांना माझा नमस्कार सांगा. माझ्या सासऱ्यांनाही अशाच एका गोळीने दिलासा मिळाला होता. तेव्हापासून घरातल्या प्रत्येकाच्या पाकिटात ती गोळी असते.

नेरूळचा फिजिशियन | सोमवार, सकाळी ७.१०

ताई, मी नेरूळला मेडिसिनचा डॉक्टर आहे. बाबांचे उपचार त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांनीच ठरवावेत. मी औषधामागचा विचार तेवढा सांगतो.

नायट्रेट शरीरात गेले की त्यापासून नायट्रिक ऑक्साइड तयार होते आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू सैल पडतात. हा परिणाम धमन्यांपेक्षा शिरांवर अधिक होतो. शिरा रुंदावल्या की पुष्कळ रक्त पोटात आणि पायांत थांबते, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, हृदयाच्या भिंतीवरचा ताण उतरतो आणि त्या स्नायूची प्राणवायूची गरज घटते. हृदयाच्या स्वतःच्या धमन्याही काही प्रमाणात रुंदावतात. नेहमीच्या अंजायनात, म्हणजे जिना चढताना येणाऱ्या कळीत, एवढे पुरेसे असते, कारण तिथे धमनी अरुंद असली तरी वाहती असते.

मोठ्या झटक्यात धमनी गुठळीने बंद झालेली असते. गुठळी नायट्रेटने विरघळत नाही. भार कमी झाल्यामुळे कळ उतरू शकते, पण बंद नळाच्या पुढचा स्नायू तहानलेलाच राहतो. कळ थांबली म्हणजे रक्त वाहू लागले असे समजणे, ही या आजारातली फार महाग पडणारी चूक आहे.

१९७७ मध्ये रायमर आणि जेनिंग्ज यांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत दाखवले की धमनी बंद झाल्यावर हृदयाचा स्नायू एकदम मरत नाही. आतल्या थरापासून मृत्यू सुरू होतो आणि लाट किनाऱ्याकडे सरकावी तसा तो काही तासांत बाहेरच्या थरापर्यंत पोहोचतो. चाळीस मिनिटांत धमनी उघडली तर बाहेरचा बराच भाग वाचतो. सहा तासांनी उघडली तर फारच थोडा. आजचे सगळे उपचार या लाटेच्या आधी पोहोचण्यासाठी आहेत. म्हणून रुग्ण दारात आल्यावर दहा मिनिटांत ईसीजी आणि दीड तासाच्या आत अँजिओप्लास्टी, असे लक्ष्य ठेवतात.

नायट्रेटने मृत्यू टळतात का, हे पाहण्यासाठी दोन फार मोठे अभ्यास झाले. इटलीतला गिसी-३ हा १९९४ साली प्रसिद्ध झाला, त्यात १९,३९४ रुग्ण होते. दुसरा आयसिस-४, १९९५ सालचा, त्यात ५८,०५० रुग्ण होते. आयसिस-४ मध्ये मोनोनायट्रेट घेणाऱ्यांपैकी पाच आठवड्यांत ७.३४ टक्के रुग्ण दगावले आणि न घेणाऱ्यांपैकी ७.५४ टक्के. हा फरक योगायोगानेही पडू शकतो एवढा लहान आहे. त्यामुळे आज आम्ही नायट्रेट देतो ते चालू असलेल्या कळीसाठी, वाढलेल्या रक्तदाबासाठी किंवा फुप्फुसात पाणी साचले असेल तर. प्रत्येक झटक्यात स्नायू वाचवणारे औषध म्हणून ते देत नाही.

गणिती | सोमवार, सकाळी ९.३०

डॉक्टरांच्या मांडणीबद्दल आदर राखून मला एक आक्षेप नोंदवायचा आहे. आयसिस-४ आणि गिसी-३ या दोन्ही अभ्यासांत ज्या गटाला अभ्यासातले नायट्रेट दिले नव्हते, त्यातल्याही निम्म्याहून अधिक रुग्णांना त्यांच्या डॉक्टरांनी वेगळे नायट्रेट दिलेच होते. मग तुलना कोणाची कोणाशी झाली? दोन्ही गटांना औषध मिळाले असेल तर फरक दिसणारच नाही.

शिवाय त्याआधीचे पुरावे उलट दिशेने बोलतात. १९८८ मध्ये यूसुफ आणि सहकाऱ्यांनी दहा लहान अभ्यास एकत्र मोजले. त्यात सुमारे दोन हजार रुग्ण होते आणि शिरेतून नायट्रेट दिलेल्यांतील मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने कमी दिसले. त्याच वर्षी कॅनडात जगदत्त आणि वॉर्निका यांनी ३१० रुग्णांवर कमी मात्रेचे नायट्रोग्लिसरीन (हेही एक नायट्रेटच) शिरेतून दिले, तेव्हा मेलेल्या स्नायूचा आकार कमी राहिला आणि हृदयाचा आजारी भाग पसरण्याचे प्रमाणही घटले. धागा नुकसान कमी होण्याबद्दल आहे, आणि तो प्रश्न थेट विचारणारा अभ्यास हाच आहे.

नेरूळचा फिजिशियन | सोमवार, दुपारी २.०५

आक्षेप रास्त आहे. त्याचा विचार आयसिस-४ च्या लेखकांनीही केला होता. ज्यांना बाहेरून कोणतेही नायट्रेट मिळाले नव्हते, अशा रुग्णांचा हिशेब त्यांनी वेगळा तपासला. त्यांच्यातही लक्षणीय फायदा दिसला नाही. मात्र पहिल्या दिवसभरात औषध घेणाऱ्यांतील मृत्यू किंचित कमीच होते, म्हणजे सुरुवातीलाच दिलेले नायट्रेट सरसकट घातक नाही, एवढा दिलासा त्यातून मिळतो.

आता १९८८ च्या आकड्यांबद्दल. ते लहान अभ्यास झाले तेव्हा गुठळी विरघळवण्याचे उपचार सर्रास होत नव्हते. धमनी बंदच राहणार असेल, तर भार कमी करणाऱ्या औषधाला काम करायला जागा उरते. पुढच्या दोन मोठ्या अभ्यासांत बहुतेक रुग्णांना गुठळी विरघळवणारे औषध आणि ॲस्पिरिन मिळालेले होते. मुख्य काम त्यांनी केल्यावर नायट्रेटच्या वाट्याला थोडेच उरले, असा माझा अर्थ आहे. जगदत्त यांचा अभ्यास मी मानतो, पण त्यातली काळजीही लक्षात घ्या. रक्तदाब सर्वसाधारण असलेल्यांत तो फक्त दहा टक्क्यांनी खाली आणायचा, असे त्यांनी ठरवले होते आणि त्याखाली जाऊ दिला नाही. असे मोजूनमापून देणे घरी, जिभेखालच्या गोळीने, शक्य नाही.

कोपरीची सिस्टर | सोमवार, रात्री ८.४५

डॉक्टरांच्या शेवटच्या वाक्यावर मला बोलायचे आहे. मी ठाण्यातल्या एका रुग्णालयातून आयसीसीयूची (हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागाची) सिस्टर म्हणून निवृत्त झाले. एनटीजीची, म्हणजे नायट्रोग्लिसरीनची, ड्रिप मी सव्वीस वर्षे लावली आहे. मिनिटाला पाच किंवा दहा मायक्रोग्रॅमपासून सुरुवात करायची, दर पाच मिनिटांनी रक्तदाब पाहायचा, कळ आणि दाब या दोन्हींकडे बघत हळूहळू वाढवायची, आणि वरचा दाब नव्वदकडे सरकला की पंप थांबवायचा. ड्रिप लावली आणि सिस्टर दुसऱ्या खाटेकडे गेली, असे त्या पहिल्या तासात चालत नाही.

एक रुग्ण मला अजून आठवतो. पन्नाशीचा माणूस, छातीपेक्षा पोटाच्या वरच्या भागात दुखत होते, मळमळत होते. घरच्यांनी पंधरा मिनिटांत दोन गोळ्या जिभेखाली दिल्या. तो आमच्याकडे आला तेव्हा त्याचा वरचा दाब ७० होता, हातपाय गार पडलेले, हाक मारल्यावर डोळे उघडत होते एवढेच. झटका हृदयाच्या खालच्या भिंतीचा होता. आमच्या डॉक्टरांनी छातीच्या उजव्या बाजूला लीड लावून ईसीजी काढला, तेव्हा हृदयाच्या उजव्या कप्प्यालाही झटक्याची झळ बसल्याचे कळले. अशा वेळी उजव्या कप्प्याला भरून येणाऱ्या रक्ताचाच आधार असतो, आणि नायट्रेट नेमके तेच रक्त मागे अडवते. पाय उंच केले, सलाइन सोडले, मग दाब वर आला आणि पुढचे उपचार होऊ शकले. तो वाचला. घरच्यांनी प्रेमापोटीच गोळ्या दिल्या होत्या, पण ही गोळी कोणालाही, कितीही वेळा देण्यासारखी नाही.

खाडीअलीकडेताई, तुमच्या काकांनी एकच गोळी दिली, तीही बाबा बसलेले असताना, हे त्यांनी चांगले केले.

शिवाईनगरकर | सोमवार, रात्री ९.२०

सिस्टर, हे वाचून मी अस्वस्थ झालो आहे. मग पाकिटात गोळी ठेवायची की नाही, हे कृपया कोणीतरी स्पष्ट सांगावे.

कळव्याचा औषधवाला | सोमवार, रात्री ११.३०

दुकान बंद करून आत्ताच वाचायला बसलो. कळव्यात माझे औषधांचे दुकान आहे. मोबाइलवर एक संदेश वर्षानुवर्षे फिरतो की प्रत्येकाने ॲस्पिरिन आणि सॉर्बिट्रेट जवळ ठेवावी आणि छातीत दुखले की दोन्ही घ्याव्यात. तो वाचून तिशीतले तरुणसुद्धा चिठ्ठीशिवाय पट्टी मागायला येतात. मी देत नाही आणि त्यावरून वादही होतात. ज्यांच्याकडे चिठ्ठी असते त्यांना मी तीन गोष्टी सांगतो. गोळी बसूनच घ्यायची, कारण उभ्याने घेतली तर चक्कर येऊन पडायला होते. ती जिभेखालीच विरघळू द्यायची. गिळली तर यकृतातून जाताना बरेचसे औषध वाया जाते आणि परिणामही उशिरा होतो. आणि गाडीच्या कप्प्यात ठेवायची नाही. उन्हात उभ्या गाडीत कोणतेच औषध नीट राहत नाही, आणि नायट्रोग्लिसरीनची गोळी तर इतकी नाजूक असते की ती गडद काचेच्या मूळ बाटलीतच ठेवावी लागते. सॉर्बिट्रेट त्यापेक्षा टिकाऊ आहे, पण तिलाही मुदत असते.

आणखी एक विषय आहे, ज्यावर घरात कोणी बोलत नाही. सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल या लैंगिक दुर्बलतेवरच्या गोळ्या घेतलेल्या पुरुषाला नायट्रेट दिले तर रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो. पहिलीनंतर किमान २४ तास आणि दुसरीनंतर ४८ तास नायट्रेट द्यायचे नसते. हे गिऱ्हाइकांना सांगताना मी त्यांना काउंटरच्या कडेला नेऊन हळू आवाजात सांगतो, पण सांगतो.

नेरूळचा फिजिशियन | मंगळवार, सकाळी ६.५०

औषधवाले दादा, हे तुम्ही इथे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. आम्हीही हा प्रश्न रुग्णाला एकट्याला विचारतो, कारण पत्नी आणि मुलगा खाटेशी उभे असताना खरे उत्तर मिळत नाही. सिल्डेनाफिल फुप्फुसांच्या रक्तदाबासाठीही देतात, त्यामुळे स्त्रियांनाही हा प्रश्न लागू पडतो.

शिवाईनगरकर, तुमच्या प्रश्नाचे उत्तर. ज्यांना हृदयविकार आहे आणि ज्यांच्या डॉक्टरांनी ही गोळी लिहून दिली आहे, त्यांनी ती जरूर जवळ ठेवावी. छातीत कळ आली तर बसून एक गोळी घ्यावी. पाच मिनिटांत कळ गेली नाही किंवा वाढली, तर १०८ ला फोन करावा. नेहमीपेक्षा वेगळी कळ, घाम, धाप किंवा चक्कर असेल, तर पाच मिनिटेही थांबू नये. ज्यांना ती लिहून दिलेली नाही, त्यांच्यासाठी पहिले काम फोन आणि ईसीजी हेच. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा आजार नसेल, तर ३०० मिलिग्रॅमच्या आसपासची ॲस्पिरिन चावून घेणे मात्र उपयोगी आहे. १९८८ च्या आयसिस-२ अभ्यासात १७,१८७ रुग्ण होते. ॲस्पिरिनने पाच आठवड्यांतले हृदयरक्तवाहिन्यांच्या कारणाने होणारे मृत्यू २३ टक्क्यांनी कमी झाले. एवढ्या स्वस्त गोळीने एवढे साध्य झाल्याची उदाहरणे वैद्यकात थोडी आहेत.

शहापूरचा | मंगळवार, दुपारी १.१५

ठाण्यात आणि नव्या मुंबईत बसून हे सगळे ठीक वाटते. आमच्या पाड्यापासून कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टीची सोय, दोन तासांवर आहे आणि पावसाळ्यात त्याहून लांब. रुग्णवाहिका येईपर्यंत माणूस तळमळत असतो. त्या वेळी घरात असलेली एकमेव गोळी देऊ नका असे सांगणे मला पटत नाही. ती गोळी म्हणजे आमच्यासाठी निदान काहीतरी केल्याचे समाधान असते, आणि समाधानालाही किंमत असते.

नेरूळचा फिजिशियन | मंगळवार, रात्री १०.००

तुमचे म्हणणे मी मनावर घेतले आहे. दोन तासांचे अंतर हा रुग्णाचा दोष नाही. परंतु तुमच्या भागासाठी खरा उपाय गुठळी विरघळवणारे इंजेक्शन हा आहे. ते देण्यासाठी कॅथलॅब लागत नाही. ईसीजी, प्रशिक्षित डॉक्टर आणि लक्ष ठेवण्याची सोय असली की जवळच्या रुग्णालयात ते देता येते. १९८६ मध्ये इटलीत जवळपास बारा हजार रुग्णांवर झालेल्या पहिल्या गिसी अभ्यासाने स्ट्रेप्टोकायनेजचा फायदा सिद्ध केला, आणि तिथेही पहिल्या तासात औषध मिळालेल्यांना सर्वांत जास्त लाभ झाला. झटक्यापासून बारा तासांपर्यंत ते देतात, पण प्रत्येक तासागणिक लाभ घटत जातो. तेव्हा लांब राहणाऱ्यांनी एक माहिती आजच काढून ठेवावी: आपल्यापासून सर्वांत जवळ, रात्रीसुद्धा, हे इंजेक्शन कुठे मिळते? रुग्णाला आधी तिथे न्यावे आणि नंतर अँजिओप्लास्टीच्या ठिकाणी. गोळी लिहून दिलेली असेल तर वाट पाहताना ती जरूर द्या, पण फोन आधी झाला पाहिजे.

शहापूरचा | मंगळवार, रात्री १०.४०

ही माहिती मी उद्याच काढतो आणि आमच्या गावच्या समूहावर टाकतो.

रसायनमित्र | बुधवार, सकाळी ८.२५

मी ऐरोलीला राहतो. रसायन उद्योगात आयुष्य गेल्यामुळे या औषधाचा इतिहास मला जवळचा वाटतो. नायट्रोग्लिसरीन १८४७ मध्ये तुरिनमध्ये आस्कानियो सोब्रेरो यांनी बनवले. जिभेवर थोडेसे ठेवले तरी डोके ठणकते, हे त्यांनी स्वतःवरच अनुभवले. १८६७ मध्ये आल्फ्रेड नोबेल यांनी त्यापासून डायनामाइट केले आणि १८७९ मध्ये लंडनच्या विल्यम मरेल यांनी अंजायनावर त्याचा उपयोग झाल्याचे प्रसिद्ध केले. पुढे खुद्द नोबेल यांनाच हृदयविकारासाठी डॉक्टरांनी हे औषध लिहून दिले. ते काम नेमके कसे करते हे कळायला आणखी शंभर वर्षे लागली. नायट्रिक ऑक्साइडच्या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे मी केवळ रंजक म्हणून लिहीत नाही. डायनामाइटच्या कारखान्यांतील कामगारांना सोमवारी कामावर आल्यावर डोकेदुखी व्हायची आणि आठवडा सरता सरता ती नाहीशी व्हायची. रविवारी सुट्टी झाली की सोमवारी पुन्हा तेच. शरीर चार दिवसांत नायट्रेटला सरावत होते आणि सुट्टीत तो सराव मोडत होता. काही कामगारांना तर सुट्टीच्या दिवशी छातीत कळा येत, कारण सवय झालेला पदार्थ एकाएकी बंद झालेला असे. वाशीच्या मामांच्या चोवीस तासांच्या पट्ट्याचे उत्तर या कामगारांनी कधीच देऊन ठेवले आहे.

पेशीवेडी | बुधवार, दुपारी ४.१०

रसायनमित्र यांनी धागा नेमक्या जागी आणून सोडला आहे. मी जीवरसायनशास्त्र शिकवते, म्हणून पुढचे टोक मी पकडते.

२००२ मध्ये असे दिसून आले की नायट्रोग्लिसरीनपासून उपयुक्त पदार्थ तयार करण्याचे मोठे काम एएलडीएच२ हे विकर (एन्झाइम) करते, जे पेशींच्या मायटोकाँड्रियामध्ये, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या भागात, असते. हेच विकर मद्य पचवतानाही लागते. नायट्रोग्लिसरीन सतत मिळत राहिले की हे विकर निकामी होऊ लागते, त्यामुळे औषधाचा परिणाम ओसरतो. पण खरी चिंता वेगळी आहे. झटक्याच्या वेळी पेशींमध्ये तयार होणारी विषारी अल्डिहाइड्स साफ करण्याचे कामही हेच विकर करते, म्हणजे ते हृदयाचे स्वतःचे संरक्षण आहे. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या डारिया मोक्ली-रोझेन यांच्या गटाने उंदरांना सोळा तास, न थांबता, नायट्रोग्लिसरीन दिले आणि नंतर हृदयाचा रक्तपुरवठा अडवला. अशा उंदरांत मेलेल्या स्नायूचा आकार औषध न मिळालेल्यांपेक्षा मोठा निघाला. या विकराला जागे ठेवणारा अल्डा-१ हा रेणू सोबत दिला, तेव्हा ते जादा नुकसान टळले.

या प्रयोगाचा अर्थ सांभाळून लावायला हवा. तो उंदरांवरचा आहे, औषध झटक्याच्या आधी आणि अखंड दिलेले होते. त्यावरून कोणी आपली चालू गोळी बंद करू नये. पूर्व आशियातील फार मोठ्या लोकसंख्येत या विकराचे जनुकच दुबळे असते, भारतात ते क्वचित आढळते. पण ज्या औषधाने नुकसान कमी व्हावे अशी आपली इच्छा आहे, तेच अखंड दिल्यास नुकसानाला वाट मिळू शकते, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

गणिती | बुधवार, सायंकाळी ७.००

हे मला माहीत नव्हते. माझा आक्षेप मी पूर्ण मागे घेत नाही, कारण थोड्या तासांची, मोजून दिलेली ड्रिप आणि दिवसरात्रीचा पट्टा या वेगळ्या गोष्टी आहेत. परंतु "नायट्रेट जितके जास्त, तितके चांगले" या समजाला आधार उरत नाही, हे मान्य करतो.

कोपरीची सिस्टर | बुधवार, रात्री ९.१५

म्हणूनच आम्ही पट्टा रात्री काढून ठेवायला सांगायचो. रोज साधारण दहा-बारा तास शरीर नायट्रेटशिवाय राहिले पाहिजे. ताई, बाबांची दुसरी गोळी किती वाजता असते?

खाडीअलीकडे | गुरुवार, रात्री १०.३०

सर्वांची उत्तरे मी दोनदा वाचली आणि आज बाबांना घेऊन त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे जाऊन आले.

सिस्टर, तुमच्या प्रश्नानेच मोठी चूक सापडली. दिवसातून दोनदा म्हणजे सकाळी आठ आणि रात्री आठ, असे मी स्वतःच ठरवून घेतले होते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर सकाळी आठ आणि दुपारी तीन असे लिहिले होते. त्या आकड्यांकडे मी लक्षच दिले नव्हते. दोन गोळ्यांमध्ये सात तास ठेवायचे, म्हणजे संध्याकाळपासून सकाळपर्यंत शरीराला मोकळीक मिळते. माझ्या वेळापत्रकात ती मोकळीक उरतच नव्हती. डॉक्टरांनी मला बोल लावला नाही, पण तीन वाजताच्या आकड्याभोवती पेनाने दोनदा गोल केला. पट्ट्याचा विषय तिथेच संपला. ही गोळी कळ येऊ नये म्हणून आहे. हृदय सावरण्यासाठी बीटा ब्लॉकर, एसीई इनहिबिटर आणि स्टॅटिन आहेत आणि त्यातली एकही चुकवायची नाही, असे त्यांनी सांगितले. एसीई इनहिबिटरने झटक्यानंतर हृदयाचा आकार बिघडत जाणे कमी होते, हेही समजावले.

माझा पहिला प्रश्न विचारताना मला धीर होत नव्हता. बाबांनीच तो विचारला. डॉक्टर म्हणाले की त्या गोळीने तुमची कळ कमी केली, त्या वेळचा भारही थोडा कमी केला असेल, पण धमनी बंदच होती. साडेचारलाच निघाला असता तर अधिक स्नायू वाचला असता. बाबांनी मान हलवली आणि म्हणाले, "उजाडू दे असे मीच म्हणालो होतो." परत येताना ते सारा वेळ खिडकीबाहेर पाहत होते. मला तेव्हापासून वाटते आहे की त्या पहाटे मी त्यांचे ऐकायला नको होते.

कोपरीची सिस्टर | गुरुवार, रात्री ११.०५

ताई, कळ उतरल्यावर थांबलेली माणसे मी सव्वीस वर्षांत इतकी पाहिली आहेत की त्यांना दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. वडील स्वतः बरे वाटते म्हणतात तेव्हा मुलीने त्यांच्यावर विश्वास ठेवणे स्वाभाविक आहे. तुम्ही सहाला निघालात. दुपारपर्यंत थांबलेले लोकही आम्ही पाहिले. ४० टक्क्यांवर चांगले आयुष्य जगता येते. तीन महिन्यांनी पुन्हा एको करून घ्या, काही वेळा आकडा वर येतो.

नेरूळचा फिजिशियन | शुक्रवार, सकाळी ७.००

सिस्टरांशी मी पूर्ण सहमत आहे. दबलेला पण जिवंत स्नायू धमनी उघडल्यावर काही आठवड्यांत पुन्हा काम करू लागतो, त्यामुळे पहिला आकडा अंतिम मानू नका.

खाडीअलीकडे | रविवार, सायंकाळी ६.४५

दोन गोष्टी कळवायच्या आहेत. दाराच्या आतल्या बाजूला बाबांनी स्वतःच्या अक्षरात कागद चिकटवला आहे. त्यावर १०८, इमारतीच्या पहारेकऱ्याचा इंटरकॉम क्रमांक, फाइल कोणत्या खणात आहे ते, आणि सर्वांत खाली "कळ थांबली तरी निघायचे" असे लिहिले आहे.

दुसरे, मी शेजारच्या काकांकडे गेले होते. या धाग्यावरचे सगळे त्यांना सांगितले, त्यांच्या गोळीने अपाय झाला नाही हेही सांगितले, कारण इतके दिवस त्यांच्या मनात तेच घोळत होते. त्यांनी पाकिटातून पट्टी काढून माझ्या हातात ठेवली. मुदत संपलेली होती. ती त्यांना कोणत्या डॉक्टरांनी दिली, असे विचारले तेव्हा कळले की कोणीच नाही. मागच्या वर्षीपासून जिना चढताना छातीत जड वाटते, म्हणून त्यांनी मोबाइलवरचा तो संदेश वाचून स्वतःच आणली होती. काकूंनाही हे ठाऊक नव्हते. उद्या सकाळी नऊ वाजता मी आणि काकू त्यांना घेऊन जात आहोत.

कोपरीची सिस्टर | रविवार, सायंकाळी ७.१०

नऊ कशाला, आठलाच निघा. घोडबंदर रस्ता तुम्हाला माहीत आहे. आणि आज रात्री बसल्या जागी जड वाटले, तर उद्याची वाट पाहू नका.